डिफंक्ट लीग : बंद पडलेली, मोडीत निघालेली की आटलेली?

होबार्टहून

नमस्कार मंडळी. आमच्या मंडळाच्या अंकासाठी ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका फुटबॉल लीगवर लेख लिहिते आहे आणि पहिल्याच वाक्यात अडले आहे. वेस्टर्न टास्मानियन फुटबॉल असोसिएशन ही लीग आता अस्तित्वात नाही. इथे अशा संस्थेला ‘डिफंक्ट’ म्हणतात. शब्दकोशात ‘मृत’, ‘लुप्त’, ‘निकामी’ असं काय काय सापडलं, पण एकही शब्द तिथल्या माणसांसमोर उच्चारावासा वाटत नाही. मराठीत काय म्हणावं?

हा फुटबॉल म्हणजे आपण समजतो तो नव्हे. 1859 साली मेलबर्नमध्ये नियम लिहिले गेलेला ऑस्ट्रेलियन खेळ. प्रत्येक बाजूला 18 खेळाडू, मैदान लंबगोल, चेंडूही लंबगोल, आणि चेंडू हातात घेऊन पळता येतं.

पुण्याहून

‘लुप्त’ नको. लिपी लुप्त होते, नदी लुप्त होते. माणसांनी दर शनिवारी जमून चालवलेल्या गोष्टीला तो शब्द फार लांबचा वाटतो. ‘बरखास्त’ म्हणता येईल का? संस्थेसाठी तो रुळलेला आहे.

आणखी एक. ‘लीग’साठी ‘साखळी’ वापरू नका. आपल्याकडे साखळी ही सामन्यांची पद्धत आहे: साखळी फेरी, मग बाद फेरी. संस्थेला कुणी साखळी म्हणत नाही. लीगच राहू द्या.

होबार्टहून

लीगचं पटलं. ‘बरखास्त’बद्दल मात्र शंका आहे. बरखास्त करायला वर कुणीतरी लागतो. राज्यपाल विधानसभा बरखास्त करतात, धर्मादाय आयुक्त विश्वस्त मंडळ बरखास्त करतात. इथे वरून कुणी हुकूम काढला नाही. ही लीग संपली कशी ते सांगते, म्हणजे शब्द शोधायला सोपं जाईल.

त्याच पश्चिम भागातलं क्वीन्सटाउन हे तांब्याच्या खाणीचं गाव. माउंट लायल कंपनीची खाण आणि भट्ट्या एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुरू झाल्या. 1932 मध्ये होबार्टचा रस्ता होईपर्यंत गाव बाहेरच्या जगाला प्रामुख्याने रेल्वे आणि बंदराच्या वाटेनेच जोडलेलं होतं. बाहेर जाऊन कुणाशी खेळणार? म्हणून आपापसात खेळायचे: लायल, गॉर्मनस्टन, स्मेल्टर्स असे संघ. स्मेल्टर्स म्हणजे भट्टीवाले. उत्तरेला झीहान हे चांदी आणि शिशाचं गाव, रोजबेरी जस्ताचं. 1960च्या दशकात ही सगळी खाणगावं एका असोसिएशनखाली आली.

पुढे 1970च्या दशकात तांब्याचा भाव पडला, मोठी कामगारकपात झाली. एके काळी 5000च्या पुढे असलेली क्वीन्सटाउनची वस्ती आज 2000च्या आत आहे. डोंगरावरच्या गॉर्मनस्टनमध्ये तर आता मोजकीच घरं उरली आहेत. संघ पुरा भरेना, तेव्हा लायल आणि गॉर्मनस्टन एक झाले. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला असोसिएशनच संपली. डिसेंबर 1994 मध्ये जुन्या कंपनीनेही खाण सोडली. म्हणजे लीग खाणीच्या आधी गेली.

सोलापूरहून

ताई, आमच्याकडे याला सरळ ‘बंद पडली’ म्हणतात. गिरणी बंद पडली, तालीम बंद पडली. ‘बंद केली’ म्हटलं की कुणी केली हा प्रश्न येतो. ‘पडली’ म्हटलं की तो येत नाही, पण दुःख मात्र शब्दात राहतं. माझे वडील गिरणीत होते. त्यांच्या तोंडी ‘गिरणी बंद झाली’ असं मी कधी ऐकलं नाही, कायम ‘पडली’. ‘पडणे’ या क्रियापदात जे आहे ते कुठल्याच संस्कृत शब्दात नाही.

आणि ते क्वीन्सटाउनचं मैदान कसं आहे? तुम्ही मागे एकदा लिहिलं होतं की तिथे गवत नाही.

होबार्टहून

गवत नाहीच. वर्षाला सुमारे 2400 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो आपल्यासारखा चार महिन्यांत उरकत नाही, बारा महिने येत राहतो. त्यात भट्ट्यांचा गंधकाचा धूर. झाडं सरपणासाठी तोडली, उरलेली धुराने आणि वणव्यांनी गेली, मग पावसाने माती वाहून नेली. शेवटच्या भट्ट्या 1969 मध्ये विझल्या, तरी काही डोंगर अजून बोडके आहेत. अशा ठिकाणी हिरवळ कुठून धरणार? म्हणून मैदानावर ग्रॅव्हल पसरलं. गाव त्या मैदानालाच ‘द ग्रॅव्हल’ म्हणतं. यालाही शब्द हवा आहे. खडी?

सोलापूरहून

खडी नाही. खडीवर कुणी खेळू शकणार नाही, ती रस्त्याखाली जाते. मुरूम म्हणा. मुरूम पसरून, पाणी मारून, रोलर फिरवून केलेलं मैदान महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे. आम्ही त्यावरच खेळलो, गुडघ्याची सालपटं निघेपर्यंत.

चिपळूणहून

मुरूम म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाची झीज होऊन बनलेला भुसभुशीत दगड. तिथला दगड तो नाही. आमच्याकडे कोकणात मैदान जांभ्याच्या तांबड्या मातीचं असतं, आम्ही कुणी त्याला मुरूम म्हणत नाही.

सोलापूरहून

भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात तुमचं बरोबर. पण वाचकाला दगडाची जात कळायची नाही, पडल्यावर काय होतं ते कळायचं आहे. मुरूम म्हटलं की कोपर आपोआप झोंबतं.

होबार्टहून

मी ‘मुरूम’ घेते. त्या मैदानावर पडलेल्या माणसाच्या गुडघ्यांबद्दल बोलताना हाच शब्द जवळचा आहे.

‘बंद पडली’ही फार आवडलं. फक्त एक अडचण आहे. लीग गेली, पण खेळ गेला नाही. क्वीन्सटाउनचे उरलेले खेळाडू एकत्र येऊन ‘क्वीन्सटाउन क्रोज’ नावाचा एकच संघ उभा राहिला आणि तो डार्विन फुटबॉल असोसिएशनमध्ये खेळायला गेला. (हे डार्विन म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेचं मोठं शहर नव्हे. ही टास्मानियाच्याच वायव्य किनाऱ्याकडची असोसिएशन.) त्याच बाजूचं बर्नी शहर क्वीन्सटाउनपासून दीडशे किलोमीटरहून लांब आहे. बाहेरचा सामना म्हणजे पावसातून डोंगरातला एवढा प्रवास, आणि घरच्या सामन्याला पाहुण्यांना मुरमावर यावं लागतं. ‘बंद पडली’मध्ये हा पुढचा भाग कुठे बसवू?

पुण्याहून

मग ‘मोडीत निघाली’ कसं वाटतं? तांब्याचंच गाव आहे. तुटकी तांब्यापितळेची भांडी मोडीत घालतात, वजनावर विकतात, त्याच धातूची पुढे नवी भांडी होतात.

सोलापूरहून

नको. मोडीत निघाली म्हणजे तिची किंमत कवडीची झाली. म्हातारा माणूसही मोडीत काढतात. ज्यांनी तिथे हाडं मोडून घेतली त्यांना हा शब्द लावू नका.

नागपूरहून

इतका वेळ वाचत होतो. आमच्या घरी सराफी होती, म्हणून लिहितो. जुने दागिने नवे करताना आधी सोनं आटवतात. पाटल्या, आजीची बोरमाळ, तुटकं कानातलं, सगळं एका मुशीत. आकार जातो, सोनं राहतं, आणि थोडी घट येते ती धरावीच लागते. विहीर आटते तेही हेच क्रियापद, दूध आटतं तेही. आधी माणसं कमी होत गेली, मग उरलेल्यांचं मिळून एक झालं, हे दोन्ही अर्थ ‘आटणे’त आहेत. ‘लीग आटली’ असं कुणी म्हणत नाही हे मला माहीत आहे.

होबार्टहून

काका, घट धरावी लागते हे तुम्ही लिहिलंत तिथे मी थांबले. आटवणाऱ्याच्या हिशेबात लायल, गॉर्मनस्टन, स्मेल्टर्स ही नावं घटीत गेली.

शीर्षकात ‘बंद पडलेली लीग’ ठेवते, वाचक अडखळायला नको. पण शेवटच्या परिच्छेदाचं पहिलं वाक्य आता असं लिहिलं आहे: “माणसं कमी होत होत 1990च्या दशकाच्या सुरुवातीला ही लीग आटली, आणि जे उरलं त्याचा एक संघ झाला.”

चिपळूणहून

वाक्य राहू द्या. ‘आटली’ला अवतरणचिन्ह मात्र देऊ नका.