शब्दचर्चा : ‘पंखहीन’ किडा म्हणजे नेमका कुठला?

डिचोलीकर : भातावरच्या किडींची एक पुस्तिका तपासतोय. विंगलेस (पंख नसलेला), फ्लाइटलेस (उडू न शकणारा), ब्रॅकिप्टेरस (आखूड पंखांचा), तिन्हींना एकच शब्द : ‘पंखहीन’. चालेल? संस्कृतात पक्ष म्हणजे पंखच, मग ‘अपक्ष’ कसा वाटतो?

मडगावकर : अपक्ष नको हो! गोव्यात अपक्ष म्हटलं की किडा नाही, निकालाच्या रात्रीची आकडेमोड आठवते. निष्पक्षही तसाच हातचा गेलाय. ‘अपंखी’ घ्या, पण फक्त कागद खाणाऱ्या कसरीसारख्या किड्यांना, ज्यांच्या पूर्वजांनाही पंख नव्हते. ऊ, पिसू, ढेकूण यांचे पूर्वज पंखवाले होते. त्यांना ‘लुप्तपंखी’ म्हणावं.

काणकोणकर : आणि फ्लाइटलेसला ‘न उडणारा’, बस्स. अटलांटिकमधल्या मदेइरा बेटावरच्या भुंगेऱ्यांच्या 550 जातींपैकी 200 उडू शकत नाहीत, असं डार्विनने 1859 मध्ये लिहिलं. त्यांतल्या कित्येकांना पाठीवरचे टणक पंख असतात, खालचे उडायचे तेवढे खुरटलेले किंवा गेलेले. त्यांना पंखहीन म्हणणं चूकच.

डिचोलीकर : पुस्तिकेत त्याच संदर्भात ‘वाऱ्यामुळे पंख गळाले’ असं वाक्य आहे.

काणकोणकर : ते बदलाच. वारा कुणाचे पंख गाळत नाही. डार्विनचं म्हणणं असं, की जे जास्त उडाले ते समुद्रात वाहून गेले. जे जमिनीला धरून राहिले त्यांचीच वीण वाढली. पिढ्यानपिढ्या असं चाललं की पंख ‘लोपतात’. पंख आणि उडायचे स्नायू पोसायला लागणारी शक्ती अंड्यांकडे वळते, हाही फायदा आहेच. त्यामुळे बेट नसलं तरी, गुहेत किंवा थंड डोंगरमाथ्यावर, तेच घडतं. ‘गळणं’ वाळवीसाठी राखून ठेवा. पहिल्या पावसानंतर सकाळी ट्यूबलाइटखाली पंखांचा सडा पडतो, ते खरं गळणं.

पेडणेकर : भाताचं मात्र वेगळं. बुंध्यातला रस शोषणाऱ्या तपकिरी तुडतुड्यांत एकाच आईची काही पिल्लं लांबपंखी, काही आखूडपंखी होतात. कोवळं, रसदार भात असलं की आखूडपंखी जास्त. गर्दी झाली, भात पिकत आलं की लांबपंखी वाढतात आणि दुसरं शेत गाठतात. ठरतं ते पिल्लाच्या वयात. शेवटची कात टाकल्यावर पंख वाढत नाहीत. मावाही तसाच. गर्दी झाली की पुढच्या पिढीला पंख फुटतात, तिथे ‘फुटणे’ अगदी चपखल.

डिचोलीकर : म्हणजे ब्रॅकिप्टेरसला ‘आखूडपंखी’. शेतकऱ्याला हा फरक कळून उपयोग काय?

पेडणेकर : उपयोग आहे. आखूडपंखी मादी लवकर अंडी घालायला लागते आणि जास्त घालते. ती उडत नाही, म्हणून प्रकाश सापळ्यात (रात्री दिवा लावून किडी पकडतात त्यात) येत नाही. सापळा रिकामा बघून माणूस निर्धास्त राहतो आणि खाली बुंधे तपकिरी होतात. सरद (पावसाळी भात) असो की वायंगण (उन्हाळी भात), चूड म्हणजे भाताचा झुबका बाजूला करून पाण्यालगतचा बुंधा बघायचा. तरी एक गफलत होते : मोठ्या पिल्लाच्या पाठीवरचे पंखांचे कोंब आखूड पंखांसारखेच दिसतात. दहापट भिंगातून पाहा. पंखावर शिरा स्पष्ट दिसल्या तर प्रौढ, नुसता जाड चट्टा असेल तर पिल्लू. पुस्तिकेत त्याला ‘पंखकोंब’ लिहा, ‘छोटे पंख’ नको.

मडगावकर : ‘पंखकोंब’ झकास. माझा ‘लुप्तपंखी’ शेतकऱ्याला जड जाईल, तळटीपेत टाका.