मदत हवी आहे : फिनलंडमधली जंगलं, लाकूडतोड आणि कार्बन

नमस्कार मंडळी. वनशास्त्रातलं कोणी आहे का इथे? शाळकरी मुलांसाठी फिनलंडच्या जंगलांवर लेख लिहितेय आणि अडलेय.

देशाची जवळजवळ तीन चतुर्थांश जमीन जंगलाखाली. २०३५पर्यंत कार्बन-तटस्थ व्हायचं (म्हणजे हवेत जेवढा कार्बन सोडायचा, तेवढाच शोषायचा), असं २०२२च्या हवामान कायद्यात ठरलं. तो हिशेब जंगलं कार्बन शोषत राहतील यावरच बेतलेला. पण वाढलेली तोड, पाइनची मंदावलेली वाढ आणि पीटच्या (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराच्या) दलदलीत पाणी काढायला चर खणून केलेली लागवड (पीट सुकलं की त्यातला कार्बन सुटतो), यांनी गणित बिघडवलंय.

तोड लांबवली की झाडांतला साठा वाढतो, हे कळतं. पण जुन्या स्प्रूसला (हे तिथलं सूचिपर्णी झाड) दुष्काळ, वादळं आणि साल पोखरणारे भुंगे यांचा धोका जास्त. मग थांबायचं कुठवर? शिवाय घराच्या तुळईत कार्बन अनेक दशकं टिकतो, कागदात फारसा नाही. तरी ‘लाकूड वापरा’ असा सरसकट सल्ला देतात! (मला तो कारखान्यांच्या सोयीचा वाटतो.)

पीटवर सरसकट तोडीऐवजी निवडक तोड केली, तर उरलेली झाडं पाणी शोषत राहतात आणि चर पुन्हा खणावे लागत नाहीत, असं वाचलं. यात लाकडाचं उत्पन्न किती घटतं? स्वीडन किंवा कॅनडातला अनुभवही चालेल. मुलांना समजेल असं कोणी सांगेल का?