डार्कथ्रोनचा 'ट्रान्सिल्वेनियन हंगर' : रेकॉर्डिंग टुकार की हेच बरोबर?

फाटका_स्पीकर
परवा मित्राला हा अल्बम ऐकायला दिला, साहेबांनी दोन मिनिटांत हेडफोन काढून परत दिला, म्हणे फाईल करप्ट आहे रे तुझी. त्यावरून जो वाद झाला तो अजून डोक्यात आहे म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डार्कथ्रोन नॉर्वेचा ब्लॅक मेटल (मेटलचा मुद्दाम खरखरीत, गार वाटणारा प्रकार) बँड, अल्बम फेब्रुवारी १९९४ चा, गिटार बेस ड्रम सगळं एकट्या फेनरिझने वाजवलंय आणि नॉक्टर्नो कुल्टोचा फक्त आवाज. रेकॉर्डिंग चार ट्रॅकच्या (म्हणजे टेपवर चारच वेगळे आवाज मावणाऱ्या) मशीनवर, त्या घरगुती सेटपचं नाव नेक्रोहेल. माझं म्हणणं एवढंच की ह्या गाण्यांना हेच रेकॉर्डिंग लागतं. टायटल ट्रॅक घ्या, सहा मिनिटं तोच रिफ (गिटारचा छोटा तुकडा) फिरफिरून येतो आणि ड्रम एका चालीत. पहिल्या मिनिटाला नुसती खरखर ऐकू येते, तिसऱ्या मिनिटाला त्या खरखरीच्या आतून चाल ऐकू यायला लागते, आणि एकदा ती सापडली की मग सोडवत नाही. साफ रेकॉर्ड केला असता तर ती पहिल्याच सेकंदाला हातात आली असती आणि दुसऱ्या मिनिटाला कंटाळा आला असता.

(पहिल्या आवृत्तीच्या मागच्या कव्हरवर छापलेलं ते 'नॉर्वेजियन आर्यन ब्लॅक मेटल' प्रकरण मला माहीत आहे, शेवटच्या चार गाण्यांचे शब्द बर्झुमवाल्या वर्ग विकर्नेसचे तेही. त्याचं समर्थन नाही, पण कृपया त्यासाठी वेगळा धागा काढा.)

ठाण्याचा_मिक्सिंगवाला
असहमत. पोटापाण्यासाठी मिक्सिंगच करतो म्हणून राहवत नाही. अल्बमवर बेस वाजवलाय असं तुम्हीच लिहिलंय ना, मग मला तो कानाने शोधून दाखवा. चार ट्रॅकमध्ये ड्रम, गिटार, बेस आणि आवाज बसवायचे म्हणजे जागा कमी, आणि जागा करायला दोन ट्रॅक एकात उतरवले की दरवेळी टेपची हिस (तो सूं असा आवाज) वाढते आणि वरचे सूर बोथट होतात. ही मशीनची मर्यादा आहे हो, तुम्ही लोक तिला वातावरण म्हणता.

आणि गार, भीतीदायक आवाज हवा म्हणून पातळच असावा लागतो असं कुठंय? त्याच वर्षी मे महिन्यात नॉर्वेच्याच मेहेम बँडचा 'दे मिस्टेरिस डॉम सथानास' आला, बर्गेनच्या ग्रीगहालेन ह्या मोठ्या हॉलमध्ये पिटेन ह्या इंजिनियरने केलेला. त्यांच्या ड्रमर हेलहॅमरचे ड्रम ऐका, अख्खा हॉल घुमतोय, तरी प्रत्येक ठोका वेगळा. अंगावर काटा तिथेही येतोच की.

चिंचवडचा_चेटक्या
मर्यादा वगैरे काही नाही राव. डार्कथ्रोनचाच पहिला अल्बम १९९१ चा, स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत केलेला, चांगला जाडजूड डेथ मेटल. म्हणजे बरा स्टुडिओ कसा असतो ते बघून मग ते घरी आले. नॉर्वेच्याच बर्झुमचा 'फिलोसोफेम' अल्बम पण घ्या, १९९३ ला रेकॉर्ड, १९९६ ला बाहेर, इंजिनियर तुमचाच पिटेन, आणि त्याच्याकडे माईक मागितला तो सगळ्यात भिकार, शेवटी हेडसेटच्या माईकवर गायलाय. गिटार भावाच्या घरच्या स्टिरिओच्या अँपमधून. हे सगळं ठरवून आहे.

ठाण्याचा_मिक्सिंगवाला
ठरवून करपवलेली भाकरी पण करपलेलीच असते.

चिंचवडचा_चेटक्या
भरताचं वांगं काय करता मग?

सिंफनी_संज्या
😂 वांग्याला +१. बाकी मी डिम्मू बोर्गीर ह्या नॉर्वेच्याच बँडचा २००१ चा अल्बम ऐकतो, स्टुडिओ फ्रेडमन, गोथेनबर्ग ऑपेराचा ऑर्केस्ट्रा, पैसे वसूल. खरखरच ऐकायची तर आमचा मिक्सर आहे घरी.

फाटका_स्पीकर
संज्या, तो अल्बम चांगला आहे पण ते ड्रम ऐकताना मला टाइपिंगचा क्लास आठवतो.

मिरजेची_माई
मी मेटलवाली नाही, मुलाच्या फोनवर ऐकलं. आमच्या घरात तानपुऱ्याचं काम चालायचं म्हणून लिहिते. तार घोडीवर टेकते तिथे खाली दोरा सरकवतात, तो केसभर इकडेतिकडे झाला की एका जागी तार अशी झणझणायला लागते की एका सुरातून चारपाच सूर उमटतात, ती जवारी. सासरे कान तारेला लावून अर्धा अर्धा तास तो दोरा सरकवत बसायचे. बाहेरचा माणूस म्हणेल तार खराब वाजतेय. तेव्हा खरखर म्हणजे दोष हे मला पटत नाही, ह्या गिटारमध्ये मला थोडी जवारी ऐकूही आली. पण फाटका_स्पीकर, जवारी लावतात ती आतले सूर बाहेर यावेत म्हणून. इथे तो ड्रमचा चटचट आवाज गिटारच्या नेमक्या त्याच जागेत येऊन बसलाय आणि निम्मे सूर झाकतोय. हा दोरा मला चुकलेला वाटला बाई.

फाटका_स्पीकर
माई, हे मात्र लागलं. पण मला वाटतं ते झाकणंच हवंय त्यांना, सूर शोधायला लावायचेत. ड्रम मागे ढकलला तर गिटार सुंदर वाटेल, आणि सुंदर वाटलं की थंडी गेली.

ठाण्याचा_मिक्सिंगवाला
रात्री काम संपल्यावर स्टुडिओतल्या मोठ्या मॉनिटर स्पीकरवर लावून बघितला, म्हटलं उगाच भांडायला नको. वरची बाजू उचलली तर डोकं उठलं, खालची उचलली तर नुसती घरघर, तिथे फारसं काही नाहीच. मग कंटाळून स्वयंपाकघरातल्या छोट्या स्पीकरवर लावला आणि चहा टाकला, तर शप्पथ, चहा उकळेपर्यंत ती चाल सापडली. दूध उतू गेलं. ह्यावरून मी हरलो असं कोणी समजू नये, बेस अजून सापडलेला नाही.