तपास सुटला ते बरंच झालं

'अ‍ॅक्वा टीन हंगर फोर्स' या अमेरिकन कार्टून मालिकेत शेक (मिल्कशेक), फ्रायलॉक (फ्राइजचा डबा) आणि मीटवॅड (मांसाचा गोळा) हे तिघे सुरुवातीला डिटेक्टिव्ह असतात आणि पुढे तो धागाच गायब होतो, हा लेखकांचा ढिसाळपणा, असं कुणीतरी म्हटलंय. अजिबात पटलं नाही. ते गुन्हे शोधणं मुळात चॅनलच्या वरिष्ठांना मालिका पटावी म्हणून घातलेलं होतं. मालिकेचे जनक डेव्ह विलिस आणि मॅट मायेलारो यांनी ते लवकरच सोडून दिलं, आणि माझ्या मते तिथेच मालिकेला तिचा सूर सापडला.

जेमतेम ११ मिनिटांच्या भागात तपास मावणार तरी कुठे? त्यापेक्षा शेजारच्या कार्लच्या पूलमध्ये शेक न विचारता डुंबतोय, मीटवॅड घरंगळत मागेमागे येतोय आणि एकटा फ्रायलॉक सगळं निस्तरतोय, यातच मी रमतो.