‘फाइंडिंग्ज’ला निष्कर्ष म्हणावं का?

तळटीप:
औपचारिक अहवाल कसा लिहावा, याची नवख्यांसाठी मार्गदर्शिका मराठीत आणते आहे. गाडं एका जागी अडलंय. मूळ आराखड्यात ‘फाइंडिंग्ज’ आणि ‘कन्क्लूजन्स’ ही दोन स्वतंत्र प्रकरणं आहेत. मराठीत दोन्हींना सर्रास ‘निष्कर्ष’ म्हणतात. अनुक्रमणिकेत चौथं प्रकरण निष्कर्ष आणि पाचवंही निष्कर्षच, हे कसं चालेल? ‘निरीक्षणे’ सुचलं होतं, पण एका सहकाऱ्याचं म्हणणं असं की निरीक्षण डोळ्यांनी करायचं. नोंदवहीतून मोजून काढलेल्या आकड्याला तो शब्द कसा लागेल?

ओळंबा:
‘निष्कर्ष’ला त्याच्या जागेवरून हलवू नका. निस् म्हणजे बाहेर, कृष् म्हणजे ओढणे. माहितीतून जे ओढून काढलं, ते निष्कर्ष, म्हणजे ‘कन्क्लूजन’च. पहिल्यासाठी ‘आढळलेल्या बाबी’ घ्या.

दोन्हींत गल्लत झाली की अहवाल तिथेच कोसळतो. ‘120 पैकी 18 खोक्यांचा तळ ओला होता, अठराही खोकी उत्तरेकडच्या भिंतीलगत होती’ ही आढळलेली बाब. ‘ओल भिंतीतून येत आहे’ हा निष्कर्ष. ‘भिंतीची दुरुस्ती होईपर्यंत भांडारपालाने तिथली खोकी फळ्यांवर ठेवावीत’ ही शिफारस. पहिलं वाक्य कुणीही जाऊन पडताळू शकतो. दुसऱ्यावर वाद होऊ शकतो, कदाचित फरशीखालून पाणी चढत असेल. म्हणून दोघांना एका वाक्यात कोंबायचं नाही. ‘भिंतीतल्या ओलीमुळे 18 खोकी भिजलेली आढळली’ असं लिहिलंत तर कारण सिद्ध न करताच वाचकाच्या गळी उतरवल्यासारखं होतं.

रेघ:
फरक मान्य, पण ‘आढळलेल्या बाबी’ हे शीर्षक म्हणून ढिसाळ वाटतं. ‘निरीक्षणे’च बरं. निरीक्षण फक्त डोळ्यांचं, हा हट्ट कशाला? नोंदवही वाचणं हेही पाहणंच आहे. लेखापरीक्षणातला ‘आक्षेप’ मात्र उचलू नका. आक्षेप म्हणजे काहीतरी खटकलं. ‘102 खोकी कोरडी होती’ हेसुद्धा अहवालात यायला हवं आणि त्याला आक्षेप म्हणता येत नाही.

ओळंबा:
शीर्षक कुठलंही घ्या, खरी मेख क्रियापदात आहे. ‘आढळले’ आणि ‘दिसून येते’ हे लोक एकमेकांच्या जागी वापरतात. ‘आढळले’ म्हणजे पाहिलं, मोजलं. ‘यावरून दिसून येते’ म्हणजे अनुमान काढलं. नवख्याचा खर्डा तपासताना चौथ्या प्रकरणातलं प्रत्येक ‘दिसून येते’ शोधायचं. तसलं बहुतेक वाक्य पाचव्या प्रकरणातलं निघतं.

काना-मात्रा:
मुळात ‘अहवाल’च का? अरबी शब्द आहे, ‘हाल’चं अनेकवचन. ‘प्रतिवेदन’ हा नेमका शब्द उपलब्ध आहे. निवेदन, प्रतिवेदन, आवेदन असं कुटुंबही जुळतं. राज्यकारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राजव्यवहारकोश करणाऱ्यांनी सतराव्या शतकात जे धाडस दाखवलं, ते आज शीर्षकापुरतं दाखवायला काय हरकत आहे?

रेघ:
प्रतिवेदन हिंदीत रुळलं आहे, मराठी वाचकाला ते अडखळवतं. आणि परके म्हणून काढायला बसलात तर मसुदा, तपशील, शिफारस सगळेच जातील. ‘मसुदा’ तर अरबीत काळं करण्यावरून आला आहे. शाईनं काळा केलेला कागद, किती चपखल! अहवालाच्या कामातली निम्मी शब्दसंपदा अरबी-फारसी आहे, कारण कचेरीच तशी घडली.

काना-मात्रा:
रुळलं म्हणून योग्य, हा न्याय लावला तर ‘एक्झिक्युटिव्ह समरी’चं ‘कार्यकारी सारांश’ही योग्य ठरेल. तेही आता सगळीकडे दिसतं.

समास:
तो मात्र नकोच. सारांश कसला कार्यकारी? इंग्रजीतला अर्थ ‘निर्णय घेणाऱ्यांसाठीचा’ असा आहे, तो मराठीत उरतच नाही. ‘गोषवारा’ म्हणा. आणि मार्गदर्शिकेत हे ठळक सांगा: गोषवारा छापायचा पहिला, लिहायचा शेवटी. दहा पानांच्या अहवालाला एक पान पुरे. त्यात काय तपासलं, सर्वांत महत्त्वाचं काय आढळलं, त्याचा अर्थ काय आणि कुणी काय करावं, एवढंच यावं. अहवालात नसलेला एकही आकडा गोषवाऱ्यात नको. ही चूक फार होते, कारण शेवटच्या घडीला चौथ्या प्रकरणातला आकडा सुधारतात आणि गोषवाऱ्यात जुनाच राहतो. गोषवाऱ्यातल्या प्रत्येक आकड्यापुढे कच्च्या प्रतीत परिच्छेद क्रमांक लिहून ठेवावा, 4.2 किंवा 4.3, म्हणजे ताळा करता येतो. क्रमांक तीन पातळ्यांपर्यंतच बरे. 4.2.1.3 अशा परिच्छेदाचा बैठकीत कुणी उल्लेखही करू शकत नाही.

रेघ:
पण गोषवारा हा आकड्यांचा ना? जमाखर्चाचा गोषवारा. मजकुराचा तो सारांश.

समास:
मूळ फारसी ‘गोश्वारा’. गोश म्हणजे कान, गोश्वारा म्हणजे कानातला दागिना आणि हिशेबाचा संक्षेपही. मराठीत आधी हिशेबातच होता, पण शब्द तिथं अडकून राहिलेला नाही.

काना-मात्रा:
‘गोष्ट’शी संबंध नाही?

समास:
नाही. ‘गोष्ट’ संस्कृत ‘गोष्ठी’वरून आली. दिसतात सारखे, कुळं वेगळी.

तळटीप:
गोषवारा घेते. शेवटचं प्रकरण ‘शिफारशी’ की ‘शिफारसी’?

ओळंबा:
शिफारशी. म्हैस-म्हशी, घूस-घुशी, तसं शिफारस-शिफारशी. ई लागली की स चा श होतो. पण त्याहून मोठी अडचण वाक्यरचनेची आहे. ‘योग्य ती कार्यवाही करण्यात यावी’ ही शिफारसच नव्हे. कुणी, काय, केव्हापर्यंत आणि कोणत्या परिच्छेदाच्या आधारे, हे चार तुकडे जिथं सापडत नाहीत ती शिफारस नुसती इच्छा असते. ‘करण्यात यावी’मध्ये कर्ता सहज गळतो आणि तो गळालाय हे लिहिणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

रेघ:
कर्मणी प्रयोगावर सगळा दोष टाकू नका. ‘तापमान दर तासाला नोंदवले’ यात कोणी नोंदवलं याला महत्त्व नाही, तिथं कर्मणीच हवा. पद्धतीच्या प्रकरणात प्रत्येक वाक्यात ‘आम्ही’ घातलंत तर वाचवत नाही.

ओळंबा:
पद्धतीत हरकत नाही. शिफारशीत आहे.

काना-मात्रा:
‘भांडारपालाने करावे’ हे वरिष्ठांना आज्ञेसारखं वाटेल. अहवाल लिहिणारा पुष्कळदा हाताखालचा असतो. ‘करण्यात यावे’ हा मराठीतला अदबीचा मार्ग आहे, तो चूक म्हणून कसा काढता?

ओळंबा:
अदब हवी असेल तर प्रकरणाच्या सुरुवातीला एकदाच ‘पुढील शिफारशी विचारार्थ सादर’ असं लिहावं. मग खाली प्रत्येक कर्ता पदनामासह नोंदवावा. व्यक्तीचं नाव नको, माणसं बदलतात.

काना-मात्रा:
पटलं नाही. ‘विचारार्थ सादर’नंतरही ‘करावे’ हे ‘करावे’च राहतं.