संपच्या (जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीच्या) मोजपट्टीचे फोटो काळे

सी-३०४ काकू: पहाटेचा फोटो आजपण काळाच आलाय की. पट्टीवरचा एक आकडा दिसेना. पाणी आलं का नाही बघायला शेवटी मीच खाली जाऊन झाकण उघडलं. नवीन कॅमेरा घ्यायचा काय?

सेक्रेटरी: थांबा काकू. प्रोग्राम लिहिलेला पोरगा पुण्याला गेला. बी-२०१, तू बघशील काय गं?

बी-२०१: बघितला काका. कॅमेरा चांगला आहे, खर्च नको. प्रोग्राम पायथॉनमध्ये आहे, ओपनसीव्ही ही कॅमेरा-चित्रांची लायब्ररी वापरून. दर अर्ध्या तासानं कॅमेरा उघडून तो पहिलीच फ्रेम, म्हणजे पहिलंच चित्र, साठवतो. वेबकॅमला उजेडाचा अंदाज घ्यायला थोडा वेळ लागतो, तोवरच्या फ्रेम काळपट येतात. दुपारी ऊन असतं म्हणून निभावतं, पहाटे एका बल्बवर नाही. आता पहिल्या तीस फ्रेम वाचून सोडायच्या आणि पुढची ठेवायची असं केलंय. कॅमेरा कायम उघडा ठेवून चालत नाही, मधे वाचलं नाही तर बफरमधली, म्हणजे तात्पुरत्या साठ्यातली, जुनी फ्रेम हातात येते. म्हणून दर वेळी शेवटी रिलीज, म्हणजे कॅमेरा सोडून द्यायचा.

ए-१०४: काल दुपारी फोटोच नव्हता, ते का?

बी-२०१: केबिनमधल्या त्याच लॅपटॉपवर मीटिंग चालू होती दादा. कॅमेरा दुसऱ्या प्रोग्रामकडे असला की इकडे फ्रेम वाचायची रीड ही आज्ञा ‘फॉल्स’, म्हणजे ‘जमलं नाही’, सांगते आणि फ्रेम रिकामी. आता तसं झालं की ग्रुपवर ‘फोटो मिळाला नाही’ असा मेसेज येईल.

बी-१०२ वहिनी: आमचं दार दिसतंय त्यात. मला ते पटत नाही.

बी-२०१: बरोबर आहे वहिनी, दिसायलाच नको. फ्रेम म्हणजे आकड्यांचा तक्ता, त्यातल्या पट्टीपुरत्या ओळी-रकाने कापून तेवढंच साठवते. जुने फोटो आजच पुसते.

सी-३०४ काकू: वरती वेळ लिहून येऊ दे. आणि मराठी, कन्नड दोन्हीत. तळमजल्यावरच्या आजींना मराठी वाचता येत नाही.

बी-२०१: ओपनसीव्हीचं पुटटेक्स्ट, म्हणजे फोटोवर अक्षरं लिहायची आज्ञा, दोन्ही लिप्यांची नुसती प्रश्नचिन्हं करतं काकू. पिलो या चित्रांच्या दुसऱ्या लायब्ररीत फॉन्ट घालून जमेल. रविवारपर्यंत द्या, जोडाक्षरं तुटलेली मला चालणार नाहीत.

सेक्रेटरी: सावकाश कर. वॉचमनला सांगतो, संपवरचा बल्ब रात्रभर चालू ठेव म्हणून.