जूनच्या सुरुवातीला हाँगकाँग: सासूबाईंना झेपेल का?

अनघा_प्र
जूनच्या पहिल्या आठवड्यात हाँगकाँगला जातोय. सोबत सासूबाई (वय ६८, चालायची सवय आहे, बीपीची गोळी चालू). तापमान तर ३०-३१च दिसतंय, मग सगळे 'जूनमध्ये नको' का म्हणतात? तिकिटं काढून झालीत, त्यामुळे 'पुढे ढकला' सोडून काहीही सांगा. ड्रॅगन्स बॅकचा ट्रेकही डोक्यात आहे.

रानवाट
पाऱ्यावर जाऊ नका. तेव्हा तिथे हवेतला दमटपणा ८० टक्क्यांच्या आसपास किंवा वरच असतो. अंग गार होतं ते घाम वाळल्यामुळे, आणि तिथे तो वाळतच नाही, नुसता निथळतो. रात्रीही फारसं गार होत नाही, त्यामुळे खोलीत एसी हवाच.

बाहेरची ठिकाणं सकाळी साडेदहाच्या आत उरका, ११ ते ४ एसीत, मग साडेपाचनंतर पुन्हा बाहेर. दुपारसाठी संग्रहालयं उत्तम, फक्त वार बघा: एम प्लस सोमवारी बंद, पॅलेस म्युझियम मंगळवारी. सेंट्रलहून वर जाणारे सरकते जिने सकाळी १० पर्यंत खालच्या दिशेने चालतात. त्याआधी पोचलात तर सगळा चढ पायऱ्यांनी.

पाणी घोटघोट पीत राहा. मेट्रोच्या फाटकाच्या आत खाण्यापिण्याला बंदी आहे, पाणीसुद्धा चालत नाही, म्हणून आत शिरण्याआधी प्या. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच घालायचं. अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट ओतलं की मीठ-साखर जास्त होते आणि तहान उलट वाढते. सासूबाईंसाठी आधी डॉक्टरांना विचारा: बीपीत मीठ जपून, आणि गोळी लघवी वाढवणारी असेल तर पाणी लवकर कमी पडतं.

छत्रीवाला
एसीचाही त्रास होतो. मॉल, बस, मेट्रो सगळीकडे कडक गारठा, आणि आपण घामाने भिजलेले. सोबत छोटा पंचा आणि एक पातळ पूर्ण बाह्यांचा सदरा ठेवा; आत शिरलं की आधी घाम टिपायचा, मग सदरा.

जीन्स घरीच ठेवा, एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही. मांड्या घासत असतील तर सकाळीच व्हॅसलीन लावा, चट्टा उठल्यावर उपयोग नाही. रेनकोटपेक्षा छत्री बरी, रेनकोटात आतूनच भिजायला होतं.

कॅमेरा गार खोलीतून थेट बाहेर काढला की काचेवर दव धरतं. झिपच्या पिशवीत बंद करून बाहेर न्या, अर्ध्या तासाने उघडा. पुसत बसू नका, पुन्हा धरतं.

अनघा_प्र
भारी! आणि पाऊस?

मेघदर्शी
हाँगकाँग ऑब्झर्व्हेटरीचं (तिथलं हवामान खातं) ॲप आधीच टाकून घ्या. पावसाचे तीन इशारे: पिवळसर (तासाला ३० मिमीच्या वर), लाल (५०), काळा (७०). काळा लागला की जिथे आहात त्याच इमारतीत थांबायचं. वादळाचे आकडे वेगळे: १ म्हणजे लक्ष ठेवा, ३ ला फेरीबोटींच्या वेळा तपासा, ८ लागला की दुकानं, फेरी, बस बंद होत जातात. ८ ची सूचना साधारण दोन तास आधी येते, तेवढ्यात हॉटेल गाठा.

व्हिक्टोरिया पीकचं (शहर दिसतं तो डोंगरमाथा) तिकीट आगाऊ काढू नका. ढग उतरले की वरून पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. ऑब्झर्व्हेटरीच्या कॅमेऱ्यात पीक बघा, मगच निघा.

रानवाट
ड्रॅगन्स बॅक सासूबाईंना नको. अंतर फार नाही, पण माथ्यावर झुडपं आहेत, सावली नाही. तुम्ही दोघं जाणार असाल तर शाउ केई वानहून ९ नंबरची बस, 'तो टेई वान' थांब्यावर उतरा, सकाळी ७ च्या आत चालायला लागा, माणशी दोन लिटर पाणी. गडगडाटाचा इशारा असेल तर रद्द, त्या धारेवर आडोसा नाही.

मेघदर्शी
आणि भारतीय पासपोर्टवर १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण निघण्याआधी ऑनलाइन नोंदणी करून तिची छापील प्रत सोबत हवी. प्रत्येकाची वेगळी, सासूबाईंचीही.